अल्वीनाच्या नावाची पाटी

टर्टल बेंड, आयोवा
२ मे १९९५

अल्वी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? कोंबडीने चिखलात पाय फिरवावेत तसं. तू हसू नकोस, तिसरीनंतर आपल्या दोघींनाही कुणी शाळेत पाठवलं नाही. तुझा पत्ता जोलीनने शोधला. जोलीन म्हणजे माझ्या डेलची मुलगी. तू गेलीस तेव्हा डेल जेमतेम वर्षाचा होता, आता त्याचं टक्कल चकाकतं आणि दिवसभर पुलाखाली गळ टाकून बसतो. मासा कधी लागत नाही. माझा हर्मन जाऊन अकरा वर्षं झाली. तुझा एमिलही गेला असं कळलं, फार उशिरा कळलं.

तर जोलीन. अगं, पोरीने कॉलेजात इतिहास शिकून काय केलं असेल? नदीच्या शिंपल्यांपासून बटणं करायच्या कारखान्याचं म्युझियम केलं. आपलाच कारखाना, पाण्याच्या टाकीजवळचा. कापणाऱ्यांची यंत्रं पुसून पुसून अशी ठेवलीत की हर्मनने ओळखली नसती. शिंपल्यांचा वास तेवढा नाही. तो आणता आला असता तर एकही माणूस आत टिकला नसता.

आणि त्यात मी. खोटं नाही सांगत. उन्हाळ्यात वाफेच्या बोटीसारखी दिसणारी बोट येते. मागचं चक्र नुसतं शोभेचं, खाली साधं इंजिन आहे. माणसं तीन तासांसाठी उतरतात. जोलीन त्यांच्या हातात कागद देते. आधी म्युझियम, मग धरणाच्या दारातून मालाची बार्ज कशी खाली उतरते ते बघा, मग कड्यावर चढून नदीचं वळण बघा, मग जुन्या स्टेशनात रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई खा. पाई अजून ल्युथरन चर्चच्या मंडळातल्या बायकाच करतात, पण साखर हल्ली फार घालतात. म्युझियममध्ये खिडकीपाशी मी खुर्चीवर बसते आणि विक्रीच्या पुठ्ठ्यावर बटणं शिवून दाखवते. भोवती दोरी बांधली आहे, लोकांनी हात लावू नये म्हणून. जसं काही मी नुकतं रंगवलेलं बाकडं आहे. बोटं अजून चालतात, अल्वी. डोळे मिटून शिवते. लोक टाळ्या वाजवतात. आपण सात-आठ वर्षांच्या असताना स्वयंपाकघरात बसून हेच करायचो आणि आई पाठीत धपाटे घालायची, टाळ्या कुठल्या.

आपल्या गल्लीत भोकं पाडलेले शिंपले पसरलेले असायचे, अनवाणी चाललं की तळवे कापायचे, ते आता लोक पिशवीत भरून घरी नेतात. आठवण म्हणून.

चार जुलैला मोठा सोहळा आहे. म्युझियमचा नवा भाग उघडणार. तू ये. ओरेगन काही चंद्रावर नाही. जोलीन म्हणते, विमानतळावरून ती स्वतः आणेल.

नव्या भागात संपाचीही एक पाटी आहे. ती अजून लागलेली नाही.

तुझी
वेल्मा


१९ मे १९९५

अल्वी,

उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं असेल, परत तर आलं नाही.

आज पाऊस, बोट आली नाही. मी डुकराच्या मांसाचा तो मोठा सँडविच अर्धा खाल्ला आणि अर्धा डेलच्या कुत्र्याला दिला. पावाच्या बाहेर चहूकडे लोंबतो, तसाच करतात अजून. एका बोटीवरच्या बाईने मला विचारलं, "हा खायचा कुठून?" मी म्हटलं, "बाई, जिथून पहिला दात लागेल तिथून."

मी मुद्द्यावर येत नाही हे तुला कळलंच असेल. तू नेहमी म्हणायचीस, वेल्मा विहिरीला जायला निघाली की आधी सगळं गाव फिरून येते.

पाटीवर काय लिहिलंय ते सांगते. जोलीनने स्वयंपाकघरात वाचून दाखवलं, मोठ्या कौतुकाने. एकोणीसशे तेहतीसचा संप, सात आठवडे चालला, युनियन हरली. हरली कारण काही घरांत कारखान्यासाठी चोरून बटणं शिवली जात होती. आणि मग, अल्वी, असं: "युनियनचा पुढारी एमिल ब्रँट याची बायको अल्वीना ब्रँट हिने फितुरी केल्याचं भर सभेत कबूल केलं."

मी बटाटे सोलत होते. म्हटलं, "हे नाव काढ."

जोलीन म्हणाली, "का गं आजी?"

"माझी बहीण आहे ती."

"म्हणून तर तुला आधी वाचून दाखवलं. पण आजी, बासष्ट वर्षं झाली. आता कुणी रागावत नाही गं. लोकांना अशीच खरी माणसं बघायची असतात, कापणारा, शिवणारी, फितूर. नुसत्या तारखा कोण वाचतं?"

"आणि ते खोटं असेल तर?"

"युनियनच्या वहीत आहे. तारखेसकट, तिच्याच तोंडचं वाक्य. तुला दाखवू?"

तिने दाखवलं. तेच वाक्य आहे. "मी शिवलं." दोनच शब्द. सेक्रेटरीने शाईने खाली रेघसुद्धा ओढली आहे.

त्या वहीत हे नाही की तू हे बोलण्याआधी तिसऱ्या रांगेत बघितलंस. तिसऱ्या रांगेत मी होते, डेलला मांडीवर घेऊन. त्याला छातीत कफ झाला होता. मी खाली बघितलं.

सोमवारी तू धुणं घेऊन माझ्याकडे यायचीस, कपडे पिळायचं यंत्र माझ्याकडे होतं म्हणून. तू मागे दोरीवर कपडे वाळत घालत होतीस. एमिलच्या रविवारच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं. मला वाटलं, तेवढंच माझ्याकडून तुला. सुईत दोरा ओवलेलाच होता. तो कसला दोरा, हे मनातही आलं नाही. हात नुसते शिवत सुटतात ना आपले, दोन वेढे मागून, गाठ नाही, बटण बसलं. कारखान्यात संपात नेहमीचा पांढरा दोरा मिळेना, म्हणून त्यांनी तो पिवळट आणला होता. फक्त चोरून शिवणाऱ्या घरांत तो होता. सभेत शेगडीपाशी एमिलने कोट काढला, बोलायला उभा राहिला, आणि पुढच्या बाकावर हेगरबाई बसली होती. वीस वर्षं पुठ्ठे शिवलेली. तिने बटणाचा पिवळट दोरा ओळखला आणि सगळ्यांना दाखवायला उठून उभी राहिली.

मुकादमाची बायको माझ्याकडे पुठ्ठे धुण्याच्या टोपलीखाली घालून आणायची. डेलला दूध हवं होतं. हे मी कारण म्हणून नाही सांगत.

पुढची गोष्ट पुढच्या वेळी लिहीन म्हणत होते, पण मी असं म्हटलं की कधी लिहीत नाही. मी जोलीनला सांगणार आहे. चार जुलैच्या आत.

वेल्मा


११ जून १९९५

अल्वी,

सांगितलं.

चर्चमधून येताना गाडीत सांगितलं, म्हणजे तिला उठून जाता येऊ नये. सगळं सांगितलं, दोरा, टोपली, हेगरबाई. जोलीनने गाडी धरणापाशी थांबवली. एक बार्ज दारात शिरत होती, मक्याने भरलेली. पोरीने इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता ती मला उतरवेल आणि निघून जाईल. चालेल म्हटलं मनात.

तिने माझा हात धरला. "आजी, तू किती चांगली आहेस."

"मी तुला काय सांगतेय?"

"तू तिचं नाव वाचवायला स्वतःवर घेतेयस. मला कळतं."

"जोलीन, मी शिवलं. माझ्या स्वयंपाकघरात."

"मग ती का कबूल झाली? माणूस आपण न केलेलं असं भर सभेत कबूल करतो का, आजी? सगळं गाव अंगावर येणार हे माहीत असताना?"

करतो, मी म्हटलं. माझी बहीण करायची, म्हटलं. तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि गाडी चालू केली.

मग मी बुधवारी मंडळाच्या बायकांत सांगितलं, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी. सगळ्यांसमोर उभी राहून. माझ्यापेक्षा थोरली आता एकच उरली आहे, बर्निस, तिला ऐकू येत नाही. बाकीच्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या किंवा रांगत होत्या. एकीने मला जेलीचं सॅलड वाढलं आणि म्हणाली, "वेल्माबाई, तुमचं मन किती मोठं." दुसरी म्हणाली, "पाद्रीसाहेबांनी रविवारी हेच सांगितलं ना, दुसऱ्याचं ओझं उचलावं." आणि दोघी रडल्या. सॅलडमध्ये गाजर किसून घातलं होतं, ते मला आवडत नाही.

बर्निसच्या कानात मी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "अल्वीना ब्रँट ना? हो, तीच. चांगली होती बिचारी."

गंमत बघ, बासष्ट वर्षं मी घाबरत होते की कुणीतरी ओळखेल. आता घसा कोरडा होईपर्यंत सांगते तर कुणी घ्यायला तयार नाही.

तू लिहिलंस तर होईल. तुझ्या हातची एक ओळ पुरे, की सभेत बोललीस ते खरं नव्हतं. जोलीन कागदाला मानते. पाटी छापायला शिकागोजवळ कुठेतरी गेली आहे, पण बदलता येईल असं ती म्हणते, मी विचारून घेतलं.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. तू गेल्यावर वर्षाने मला एक पत्र पाठवलं होतंस. त्यात एवढंच होतं, "एकदा एमिलला लिही." मी लिहिलं नाही. आज लिहिते, उद्या लिहिते, मग डेल शाळेत गेला, मग लढाई आली, मग लिहायला फार उशीर झाला असं वाटलं. तेव्हा उशीर झाला नव्हता. आता झालाय.

एमिल तुझ्याशी नीट वागला का गं? हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते.

वेल्मा


५ जुलै १९९५

अल्वी,

काल सोहळा झाला. तुझं पत्र आलं नाही आणि पाटी लागली.

सगळं सांगते, कारण दिवस फार सुंदर होता. नगरपालिकेचा बँड वाजला, नेहमीप्रमाणे तुतारीवाला मागे राहिला. नदीवर निवांत ऊन. महामार्गावर त्यांनी मोटारीएवढा प्लास्टिकचा शिंपला उभा केलाय, त्यात पोरं बसून फोटो काढतात. प्लास्टिकच्या बटणांनी कारखाना बुडाला आणि शिंपला प्लास्टिकचा, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मोठ्याने हसले. डेल म्हणाला, "आई, लोक बघतायत." बघू देत म्हटलं.

पाटी माझ्या खुर्चीच्या मागेच आहे. जोलीनने मुद्दाम तिथे लावली, म्हणजे लोक माझं शिवणं बघतील आणि मान वर करून संपाचं वाचतील. तुझं नाव मोठ्या अक्षरात आहे. तुझा फोटो मिळाला नाही म्हणून हातांचं चित्र काढलंय, नुसते दोन हात, बटण शिवणारे. हात माझेच आहेत. जोलीनने एप्रिलमध्ये माझेच फोटो काढले होते, कशासाठी ते मी विचारलं नव्हतं.

बोटीवरची माणसं आली. एक उंच माणूस, टोपीवर झेंडा, त्याने पाटी वाचली. म्हणाला, "आजीबाई, ही फितूर तुमच्या ओळखीची होती?"

मी म्हटलं, "मीच ती."

सगळे हसले. तो माणूस म्हणाला, "मग तुम्हाला अटक करायला हवी," आणि बायकोला माझ्याशेजारी उभं करून फोटो काढला. मी पुन्हा सांगितलं, शब्द नीट उच्चारून, "माझं नाव वेल्मा लोरेन्झ. ते बटण मी शिवलं. माझी बहीण निर्दोष आहे." तर आणखी माणसं गोळा झाली. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. मी संपवलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या डोळे मिटून शिवण्यालाही पडत नाहीत.

संध्याकाळी जोलीन म्हणाली, "आजी, ते फार परिणामकारक होतं. रोज करशील?"

मी तिच्यावर रागावू शकत नाही, अल्वी. पोरगी इतकी आनंदात होती. तिच्या नाकावर आपल्या आईसारखे तपकिरी ठिपके आहेत.

वेल्मा


२२ जुलै १९९५

चि. ग्लेनिस,

तू अल्वीनाची मुलगी, म्हणजे माझी भाची, आणि तुझं अक्षर किती सुरेख. तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो.

तू लिहितेस, आई वृद्धाश्रमात आहे, तिला आता फार आठवत नाही, तुलाही कधी मुलगी म्हणते, कधी नर्स. माझी पत्रं तू तिला वाचून दाखवलीस. जूनचं पत्र तू दोनदा वाचलंस, कारण तुला वाटलं की यातून तिचं मन हलकं होईल. आणि तिने ते तुझ्या हातून घेतलं, घडी घातली, आणि म्हणाली, "वेल्माचं बाळ आजारी आहे. तिला यात कशाला ओढता? मी शिवलं."

ग्लेनिस, तू मला विचारतेस, खरं काय. तूही विचारतेस. तू लिहितेस की तुझे वडील शेवटपर्यंत रविवारी चर्चमध्ये तिच्यापासून वेगळ्या बाकावर बसले. ते पत्रात लिहायला नको होतंस, पण लिहिलंस ते बरं केलंस.

खरं तेच जे मी लिहिलं. पण मी कितीही लिहिलं तरी तुझ्याकडे आईची कबुली आहे आणि माझी कबुली आहे, आणि तू तिच्यापाशी जन्मली-वाढलीस. मी तुझ्या जागी असते तर मीही आईचंच ऐकलं असतं.

आता तू शेवटी जे मागितलंस त्याबद्दल. ती जेवणाच्या खोलीत जात नाही. तिथल्या बायका संपातल्या बायका आहेत असं तिला वाटतं, आणि त्या आपल्याला बाकावर बसू देणार नाहीत म्हणून ती दारात उभी राहून खाते. ऐंशी वर्षांपुढची बाई उभी राहून खाते. म्हणून मी तिला लिहावं, की टर्टल बेंडने तिला माफ केलं.

पोरी, ते मला जमायचं नाही. जे तिने केलंच नाही त्याची माफी मी कशी देऊ? मी? तिला दुसरं काहीही सांग. सांग की संप झालाच नव्हता. सांग की त्या बायका दुसऱ्या आहेत. माझ्याकडून हे मागू नकोस.

तुझी मावशी,
वेल्मा लोरेन्झ


९ ऑगस्ट १९९५

चि. ग्लेनिस,

काल फोनवर मी नीट बोलले नाही, मला फोनवर सुचत नाही. ती आता दारातही येत नाही म्हणालीस. चार दिवसांत फक्त थोडं सूप. डॉक्टर म्हणतात, म्हातारपण. तू म्हणतेस, तिला शिक्षा पुरी करायची आहे.

सोबतचा दुसरा कागद तिला दे. वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे. अक्षरं मोठी काढली आहेत. जोलीनकडून म्युझियमचा शिक्का मारून घेतला, म्हणजे तिला खरं वाटेल. जोलीन शिक्का मारताना रडली आणि म्हणाली, किती सुंदर गोष्ट करतेयस आजी. मी तिला काही सांगितलं नाही. सांगून संपलंय माझं.

माझी आधीची पत्रं तिच्या खोलीतून काढून घे. दोन गोष्टी एकदम वाचल्या तर तिचा गोंधळ होईल.

मावशी


टर्टल बेंड, आयोवा
९ ऑगस्ट १९९५

अल्वी,

इथे सगळं ठीक आहे. नदी खाली गेली आहे, वाळूच्या पट्ट्यावर पाणकोळी बसलेत. खरबुजं या वर्षी फार गोड आहेत.

काल सभा झाली. सगळे आले होते, कापणारे, शिवणाऱ्या, हेगरबाईसुद्धा. तुझ्याबद्दल बोलणं झालं. तू जे केलंस ते तू का केलंस, ते सगळ्यांना समजलं. आता कुणाच्या मनात काही राहिलं नाही. हेगरबाई म्हणाली, अल्वीनाने बाकावर बसावं आणि पोटभर जेवावं. तसं वहीत लिहिलंय.

एमिलही होता. तो म्हणाला, माझी काही तक्रार नाही.

डेलचा कफ सुटला. तो आता झोपलाय.

जेव, अल्वी.

तुझी धाकटी बहीण
वेल्मा